तीन मजल्यांच्या घरात लॅनची वायर टाकताना: कॅट ६ की कॅट ७ नंतर ठरवा, आधी पाइप ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की कराडजवळ तळमजला अधिक दोन मजले असं घराचं काम चालू आहे, खालचे दोन स्लॅब पडलेत, सगळ्यात वरच्या स्लॅबचं सेंट्रिंग चालू आहे, खाली विटकाम झालंय पण प्लास्टर अजून नाही. खाली आईवडील, पहिल्या मजल्यावर तुम्ही, दुसऱ्यावर घरून काम करायची खोली. आणि विचारलंय की लॅनची, म्हणजे घरात नेट खेळवायची, केबल कॅट ६ दर्जाची घेऊ का कॅट ७, वायरमन म्हणतोय लाइटच्याच पाइपातून ओढून देतो तर चालेल का, आणि मेश राउटर (मजल्यामजल्यावर ठेवायचे, एकमेकांना हवेतून जोडले जाणारे वायफायचे डबे) घेतले तर ही सगळी वायर लागेलच का.

मी घरं, दवाखाने, छोटी ऑफिसं यांची नेटवर्किंगची कामं बरीच वर्षं करतोय, त्यामुळे जे साइटवर बघितलंय त्यावरून सांगतो. केबल कुठली हा तुमच्या घरातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे, त्याचं उत्तर एका ओळीत होतं. अवघड प्रश्न हा आहे की एका स्लॅबखालून दुसऱ्या स्लॅबवर जायचं कसं आणि पुढे दहा वर्षांनी ती केबल बदलावीशी वाटली तर ती बाहेर निघेल का. केबल कधीही बदलता येते, भिंतीत आणि स्लॅबमध्ये गेलेला पाइप बदलता येत नाही. म्हणून पैसे आणि डोकं दोन्ही आधी पाइपावर खर्च करा. तुमचं नशीब चांगलं की प्लास्टर व्हायच्या आधी विचारलंत, बहुतेक लोक पीओपी आणि रंग झाल्यावर फोन करतात.

आधी मेशचं बोलू कारण तोच तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. आपल्याकडचा स्लॅब म्हणजे पाच-सहा इंच काँक्रीट आणि त्यात सळईची जाळी. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल एका स्लॅबमधून कसाबसा जातो, ५ गिगाहर्ट्झचा जवळपास मरतो, आणि वेग तर ५ वरच मिळतो. मेशचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलतात, म्हणजे वरच्या डब्याला खालच्याकडून जे मिळणार ते त्याच स्लॅबमधून येणार. त्यात साध्या मेशमध्ये एकच रेडिओ खालच्या डब्याशीही बोलतो आणि तुमच्या मोबाइलशीही, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. तीन मजले म्हणजे दोन टप्पे, मग ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन ऑफिसच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतो आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. मेश वाईट नाही, पण प्रत्येक डब्याला मागून वायर दिली तर तो छान चालतो, आणि वायर द्यायचीच आहे तर मग साधे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायरने आलेलं नेट वायफायने पसरवणारे डबे, घेतले काय आणि मेशचे डबे घेतले काय, दोन्ही चालतं. तेव्हा वायर लागेलच. लाइटच्या वायरीतूनच नेट पाठवणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात, पण एक मजला एका फेजवर, दुसरा दुसऱ्या, मध्ये इन्व्हर्टर अशी वायरिंग आपल्याकडे असते, त्यात त्यांचा भरवसा नाही.

आता सगळ्या वायरी येऊन मिळणार कुठे ते ठरवा. घरात अशी एकच जागा पाहिजे आणि तिथून प्रत्येक पॉइंटला स्वतःची स्वतंत्र केबल गेली पाहिजे. वायरमन लोकांना लाइटची सवय असते, एका बोर्डवरून पुढच्या बोर्डला लूप मारत जायची, लॅनमध्ये तसं चालत नाही, मध्ये जोड देऊन पुढे नेणं तर अजिबात नाही, हे त्याला पहिल्या दिवशी समोर बसवून सांगा. जागा मी शक्यतो मधल्या मजल्यावर घेतो, जिन्याजवळचा कोपरा किंवा एखाद्या कपाटाची वरची बाजू, कारण तिथून वर आणि खाली अंतर सारखं पडतं आणि पाइपात होणारी गर्दी दोन दिशांना वाटली जाते. बाथरूमला लागून असलेली भिंत नको, ओल येते. बंद कपाट असेल तर पल्ल्याला हवेसाठी जाळी ठेवा. नेटवाल्याची फायबर पोलवरून घरात येणार, ती बहुतेक वेळा हॉलच्या खिडकीला भोक पाडून टीव्हीमागे आणून सोडतात आणि मग राउटर कायमचा तिथेच बसतो. ते टाळायला बाहेरच्या भिंतीपासून थेट तुमच्या रॅकच्या, म्हणजे या सगळ्या वायरी जिथे मिळतात त्या पेटीच्या, जागेपर्यंत २५ मिलिमीटरचा एक पाइप फक्त फायबरसाठी आत्ताच टाका. उद्या कंपनी बदलली तरी नवीन माणूस त्याच पाइपातून येईल.

आता मुख्य काम. तुमच्या वायरमनचं म्हणणं की लाइटच्याच पाइपातून ओढतो, याला साफ नाही म्हणा. पहिलं कारण जिवाचं आहे. २३० व्होल्टची वायर पाइपात ओढताना कुठे सोलली, वर्षानुवर्षं गरम होऊन तिचं इन्सुलेशन कडक झालं आणि तडकलं, तर तो करंट लॅनच्या तांब्यावरून तुमच्या लॅपटॉपच्या, कॅमेऱ्याच्या बॉडीपर्यंत येऊ शकतो. दुसरं कारण असं की लाइटच्या वायरीतून येणारा गोंगाट लॅनच्या केबलला लागतो, विशेषतः गीझर, पंप, एसी चालू-बंद होताना. आणि तिसरं रोजच्या कामातलं: उद्या कोणी वायरमन येऊन एक लाइटची वायर बदलायला जोर लावून ओढेल तेव्हा तुमची लॅनची केबल त्याच्याबरोबर पिळवटून निघेल. वेगळा पाइप, वेगळा बॉक्स. शेजारी शेजारी लांबवर जात असतील तर मध्ये निदान अर्धा फूट सोडा, फूटभर सुटलं तर उत्तमच, आणि एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा, तिरकं समांतर नको.

पाइप किती जाड? आपल्याकडे वायरमन हात घालतो तो २० मिलिमीटरच्या पाइपाला. कॅट ६ ची एक केबल साधारण ६ मिलिमीटर जाड असते आणि नियम असा की पाइपाच्या आतल्या जागेपैकी ४० टक्क्यांच्या वर भरायचं नाही, नाहीतर वळणावर घासते आणि नंतर एकही केबल हलत नाही. या हिशोबाने २० च्या पाइपात दोन केबली आरामात, २५ च्यात चार, ३२ च्यात सहा-सात. रॅकपासून प्रत्येक मजल्याला जाणारा उभा पाइप मी कधीच २५ च्या खाली घेत नाही, आणि तुमच्यासारख्या घरात तर ३२ चे दोन टाका, एक वापरायला आणि एक मोकळा. मोकळ्या पाइपाला येणारा खर्च त्या मजल्याच्या एका फरशीच्या बॉक्सपेक्षा जास्त नसेल. वळणं मोठ्या बेंडने घ्या, काटकोनी एल्बो नको. आणि दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त वळणं आली तर मध्ये एक जंक्शन बॉक्स द्या, तो दिसला तर दिसू दे, झाकण रंगवून घ्या पण प्लास्टरखाली पुरू नका.

वरचा स्लॅब अजून पडायचाय ही तुमच्या हातातली खरी संधी आहे, आणि तिचे दिवस मोजके आहेत. पंख्याचे बॉक्स बसवायला वायरमन सळईवर चढेल त्याच दिवशी त्याच्याकडून दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजच्या मध्यावर एक छताचा बॉक्स अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी बसवून घ्या, आणि गच्चीवर निघणारा एक पाइपही. स्लॅबमध्ये जाणारा पाइप हलक्या दर्जाचा नको, एमएमएस किंवा एचएमएस (मध्यम किंवा जास्त दाब सोसणारा) लिहिलेला बघून घ्या, कारण काँक्रीट ओतताना त्यावरून माणसं चालतात, व्हायब्रेटर लागतो, हलका पाइप चेपतो आणि ते कळतं ते सहा महिन्यांनी. पाइप खालच्या आणि वरच्या सळईच्या मध्ये बायंडिंग वायरने बांधलेला हवा, जोडांना सोल्युशन लावलेलं हवं, नुसतं खुपसलेलं नाही, आणि दोन्ही तोंडं कागद कोंबून वरून टेप मारून बंद. स्लॅब ओतायच्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे उभे राहा, निदान त्या पाइपावर काँक्रीट पडेपर्यंत तरी. आणि सेंट्रिंग निघालं की पहिलं काम म्हणजे त्या पाइपातून जीआय तार घालून बघणं. सिमेंटचं पाणी आत गेलं असेल तर ते तेव्हाच लक्षात येतं आणि तेव्हा दुसरा रस्ता शोधायला भिंती अजून उघड्या असतात. तार गेली की तिच्या जागी नायलॉनची दोरी टाकून ठेवा, ती गंजत नाही. गच्चीवरचं तोंड छत्रीच्या दांड्यासारखं खाली वळवा, म्हणजे पाऊस आत उतरणार नाही.

खालचे दोन स्लॅब पडलेत, तिथे बघा की मेन लाइटसाठी वायरमनने उभे पाइप किती सोडलेत. कधीकधी एखादा जास्तीचा सोडलेला असतो, तो पूर्ण मोकळा असेल आणि शेवटपर्यंत वेगळा राहणार असेल तर तो घ्या. नसेल तर भोक पाडावं लागेल. ते कुठे पाडायचं हे वायरमनने नाही, तुमच्या आरसीसी इंजिनिअरने सांगायचं. बीमला आणि कॉलमला हात लावायचा नाही, जिन्याच्या भिंतीवर बरोबर बीम येतो म्हणून लोक बीमच फोडायला निघतात, ते तर मुळीच नको. भिंतीला लागून बीमच्या बाजूला जिथे स्लॅब सुरू होतो तिथे आधी बारीक बिटने हॅमर ड्रिल मारून बघतात, सळई लागली तर एक-दोन इंच सरकतात, मोकळी जागा सापडली की मग डायमंड कोअर कटरने ५० मिलिमीटरचं गोल भोक. छिन्नी-हातोड्याने किंवा ब्रेकरने फोडू देऊ नका, खालून काँक्रीटचा मोठा टवका निघतो. भोकात पाइपाचा तुकडा घालून तो फरशीच्या पातळीपेक्षा दोन इंच वर ठेवा, म्हणजे फरशी धुताना पाणी खालच्या मजल्यावर उतरत नाही.

पॉइंट कुठे कुठे द्यायचे हे घराघरावर अवलंबून आहे पण माझा हिशोब असा. जी वस्तू जागेवरून हलत नाही तिला वायर, जी हातात फिरते तिला वायफाय. टीव्हीमागे दोन, कारण टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स किंवा गेमचा डबा. ऑफिसच्या टेबलाला दोन, आणि टेबल कुठल्या भिंतीला लागणार हे आज नक्की नसेल तर दोन्ही भिंतींना एकेक. प्रत्येक मजल्यावर अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी एक, शक्यतो पॅसेजमध्ये उंचावर. दुसऱ्या मजल्याला तो छतातून येतोच, खालच्या दोन मजल्यांचे स्लॅब पडलेत म्हणून तिथे भिंतीत साडेसात-आठ फुटांवर बॉक्स घ्या, पुढे फॉल्स सीलिंग करणार असाल तर अजून सोपं. मग कॅमेरे, आणि गेटवरच्या व्हिडिओ बेलसाठी एक पाइप, हे सगळेच विसरतात. आईवडिलांच्या खोलीत आज लागणार नाही असं वाटलं तरी एक पॉइंट द्या. केबल आज नाही ओढली तरी हरकत नाही, पाइप, बॉक्स आणि आत दोरी एवढं असलं की पुरतं.

आता केबल. कॅट ६ घ्या, शुद्ध तांब्याची, बिनशिल्डची, म्हणजे तारांभोवती धातूचं आवरण नसलेली. तांब्यावरच्या इथरनेटला एका बाजूपासून दुसऱ्यापर्यंत १०० मीटरची मर्यादा असते, तुमच्या घरात सगळ्यात लांब केबलसुद्धा ३०-३५ मीटरच्या पुढे जाणार नाही. कॅट ६ वर १ गिगाबिट पूर्ण १०० मीटर चालतं आणि १० गिगाबिटसुद्धा साधारण ५५ मीटरपर्यंत, खूप केबली एकत्र बांधलेल्या असल्या तर ३७ धरायचं, तरी तुमचं घर त्यात बसतं. कॅट ६ए १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर नेते, पण ती जाड आणि ताठ असते, पाइपात वळायला त्रास देते, आणि घरात तेवढी लांबी नसतेच. कॅट ७ चं म्हणाल तर टीआयए या अमेरिकन संस्थेच्या मानकात ती धरलेलीच नाही, आणि जिथे आहे तिथे तिचे कनेक्टर वेगळे आहेत, लॅनचा नेहमीचा प्लग, आरजे ४५, तिचा नाही. ऑनलाइन कॅट ७ म्हणून विकतात ती शिल्डची केबल असते, शिल्डचा उपयोग अर्थिंग नीट जोडलं तर, आणि घरात प्लास्टिकच्या जॅकला शिल्ड कुठे जोडणार? तेव्हा त्यात पैसे घालू नका.

पैसे घाला ते तांब्यात. बाजारात सीसीए नावाची केबल फार विकली जाते, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. बॉक्सवर कॅट ६ मोठ्या अक्षरात असतं आणि सीसीए बारीक अक्षरात, किंवा नसतंच. दिसायला अगदी तशीच. ही केबल ठिसूळ असते, दोन-तीनदा वाकवली की आत तुटते, हिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीच्या पुढे असतो, आणि केबलमधूनच वीज देऊन कॅमेरा किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट चालवला, ज्याला पीओई म्हणतात, तर ती गरम होते आणि टोकाला व्होल्टेज कमी पडतं, मग रात्री कॅमेऱ्याचे लाइट लागले की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. दुकानातच तपासा. एक तार सोलून ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखी पांढरी दिसली तर परत द्या. मल्टिमीटर असेल तर अजून पक्कं: ३०५ मीटरच्या पूर्ण बॉक्सची दोन्ही टोकं काढून एका टोकाला निळी आणि पांढरी-निळी एकमेकांना जोडा, दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमधला रेझिस्टन्स मोजा, चांगल्या तांब्याचा तो ५७ ओहमच्या आत येतो, उन्हाळ्यात दोन-तीन जास्त धरा. ८० च्या आसपास दाखवला तर ते तांबं नाही. फिनोलेक्स, पॉलिकॅब, डी-लिंक असे नाव असलेले ब्रँड ओळखीच्या दुकानातून बिलासकट घ्या, केबलच्या अंगावर दर मीटरला छपाई असते, तीही वाचा.

ओढताना केबलला साबणाचं पाणी किंवा तेल लावू नका. बॉक्स जमिनीवर ठेवून एक माणूस पुरवणारा, एक ओढणारा. ओढायचा जोर ११ किलोच्या पुढे नको, म्हणजे अडकली की झटके न देता मागे घेऊन परत ओढायची. वळण केबलच्या जाडीच्या चौपट तरी गोल हवं, म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या आत वाकवायचं नाही. प्रत्येक बॉक्समध्ये फूटभर आणि रॅकजवळ दोन मीटर केबल जास्त ठेवा, आणि दोन्ही टोकांना एकच नंबर मार्करने लिहून वर पारदर्शक टेप. नंबर नाही लिहिला की शेवटी बारा सारख्या निळ्या केबली लटकतात आणि कुठली कुठे जाते ते शोधण्यात दिवस जातो.

टोकाला काय लावायचं यावर थोडं थांबतो कारण मी दुरुस्तीला जातो त्यातली निम्मी कामं इथलीच असतात. भिंतीतल्या केबलच्या तारा सॉलिड असतात, तिला थेट प्लग क्रिम्प करून टीव्हीत खुपसू नका, ती हलली की आतली तार तुटते. भिंतीत आरजे ४५ चा जॅक बसवा, तुमच्या मॉड्युलर स्विचच्याच कंपनीचा मॉड्युल मिळतो, आणि तिथून पुढे तयार पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्हीकडे प्लग असलेली छोटी लवचिक केबल. रॅकमध्येही तसंच, पॅच पॅनलवर, म्हणजे ओळीने जॅक असलेल्या पट्टीवर, तारा पंच करून (दाबून) बसवा. रंगांचा क्रम दोन्हीकडे बी (टी५६८बी नावाचा ठरलेला क्रम): पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यात हिरव्याची जोडी तीन आणि सहा नंबरवर जाते, मध्ये निळी बसते, आणि इथेच घोळ होतो. काही वायरमन दोन्ही टोकांना सरळ रंगाला रंग लावतात, नारिंगीची जोडी, हिरवीची जोडी, निळीची जोडी अशी ओळीने. आठ लाइटचा टेस्टर लावला की एक ते आठ सगळे लाइट ओळीने लागतात आणि तो म्हणतो झालं काम. पण ३ आणि ६ चा सिग्नल आता एकमेकांशी पिळलेल्या जोडीतून न जाता दोन वेगळ्या जोड्यांच्या एकेका तारेतून जातो, पीळ असतो तो याचसाठी की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांना सारखाच लागून कटावा, तो फायदाच जातो. मग छोट्या केबलवर कसंबसं चालतं आणि वीस-पंचवीस मीटरवर नेट तुटत राहतं. हा दोष साध्या टेस्टरला कधीच दिसत नाही, रंग डोळ्यांनीच बघावे लागतात. आणि जॅकवर लावताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका.

टेस्टिंग म्हणजे लाइट लागले एवढंच धरू नका. लॅपटॉप जोडून लिंकचा वेग बघा, १ गिगाबिट दाखवला पाहिजे. १०० मेगाबिटला फक्त दोन जोड्या लागतात, गिगाबिटला चारही लागतात, त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी सुटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येतं. तुमचा प्लॅन १०० चा असेल तर वर्षभर कळणारही नाही, प्लॅन वाढवला की मग "नवीन प्लॅनचा वेगच मिळत नाही" अशी तक्रार सुरू होते. दोन लॅपटॉप असतील तर आयपर्फ३ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर टाकून दोन टोकांमध्ये पाच मिनिटं डेटा पळवा, ९०० एमबीपीएसच्या पुढे स्थिर आकडा आला पाहिजे. हे वायरमनचे शेवटचे पैसे द्यायच्या आधी करा.

रॅक भिंतीवरचा ६ यू (यू हे रॅकच्या उंचीचं माप) पुरतो. त्यात पॅच पॅनल, नेटवाल्याचा डबा आणि एक पीओई स्विच, म्हणजे सगळ्या केबलींना नेट आणि वीज वाटणारा डबा. अ‍ॅक्सेस पॉइंट आणि कॅमेरे त्याच केबलवर वीज घेतात, वेगळा अडॅप्टर लागत नाही. साध्या पीओईमध्ये स्विच एका पोर्टला १५.४ वॉट देतो, नव्या वायफायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला बऱ्याचदा ३० वॉटचा लागतो, त्याच्या कागदावर बघून स्विच घ्या आणि स्विचची एकूण क्षमता किती तेही बघा, सगळे पोर्ट एकदम पूर्ण वीज देतीलच असं नसतं. रॅकला वेगळा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवरून द्या. लाइट गेली की राउटर परत चालू व्हायला दोन मिनिटं घेत असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे का बघा, साध्या मोडमध्ये बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो.

गच्चीचं वेगळं सांगतो कारण तुमच्या भागात एप्रिल-मेचा वळीव आणि त्याच्या विजा कशा असतात ते तुम्हाला माहीत आहे. गच्चीवर गेलेली तांब्याची लांब केबल म्हणजे जवळ वीज पडली तरी तिच्यात झटका येतो आणि तो स्विचच्या पोर्टमधून आत शिरतो, एका वळवात अख्खा स्विच आणि त्याला जोडलेला टीव्ही गेलेले मी पाहिलेत. म्हणून गच्चीवरचा कॅमेरा कठड्याच्या आतल्या बाजूला खाली लावा, टाकीच्या वरच्या पाइपावर नको, केबल काळ्या पॉलिथिन आवरणाची बाहेरची घ्या, आतली निळी-करडी केबल उन्हात तडकते, मध्ये सर्ज प्रोटेक्टर द्या आणि त्याला खरं अर्थिंग जोडा. आणि पुढे मागे अंगणात वेगळी खोली, गोठा, आउटहाउस असं काही जोडायचं असेल तर तिथे तांबं नकोच, फायबर टाका, दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅनची केबल जोडणारे डबे) की झालं. फायबर काचेची असते, तिच्यातून विजेचा झटका येत नाही, आणि दोन इमारतींच्या अर्थिंगमधल्या फरकाचाही प्रश्न मिटतो. फक्त आत आधाराला लोखंडी तार असलेली फायबर घेऊ नका, एफआरपीच्या (फायबरग्लाससारख्या, वीज न वाहणाऱ्या) काडीची घ्या.

वायफायचं थोडक्यात: तिन्ही मजल्यांना नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, २.४ वर चॅनेल १, ६, ११ असे वाटून द्या आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा, सिग्नलची ताकद फुल न ठेवता मध्यम करा. फुल ठेवली की मोबाइल वरच्या मजल्यावर गेला तरी खालच्यालाच चिकटून राहतो. नेटवाल्याच्या डब्यातलं वायफाय बंद करा. आणि स्वतःचा राउटर लावणार असाल तर त्यांना डबा ब्रिज मोडवर (राउटरचं काम न करता नेट नुसतं पुढे सोडणारा) टाकायला सांगा, नाहीतर दोन राउटर एकामागे एक बसतात आणि ऑफिसचं व्हीपीएन, घरचे कॅमेरे बाहेरून बघणं यात अडचणी येतात.

ज्यांचं घर पूर्ण झालंय त्यांच्यासाठीही एक ओळ, कारण हा प्रश्न त्यांचाही असतो. भिंती फोडू नका. पाण्याच्या पाइपांच्या डक्टमधून किंवा बाहेरच्या भिंतीवरून उन्हात टिकणारा (यूव्ही) पाइप टाकून प्रत्येक मजल्याला एक केबल न्या, आत केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंत. प्रत्येक मजल्यावर एक वायर पोचली तरी ऐंशी टक्के त्रास संपतो. कोकणात जांभ्या दगडाचं आणि कौलाचं घर असेल तर भोक पाडणं सोपं, पण खाऱ्या हवेत उघडे प्लग हिरवे पडतात, तिथे जॅकला झाकण असलेल्या प्लेटा घ्या.

तुमच्याकडे या आठवड्यात करायचं ते एवढंच: इंजिनिअरला फोन करून खालच्या दोन स्लॅबच्या भोकांची जागा खडूने मारून घ्या, वरच्या स्लॅबमध्ये दोन पाइप आणि एक छताचा बॉक्स टाकून घ्या, केबल अजून विकत घेऊ नका, ती प्लास्टर सुकल्यावर ओढायची, नाहीतर प्लास्टरवाल्याच्या थापीने आणि ओल्या सिमेंटने खराब होते. आणि प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फोटोत मेजर टेप उघडा करून जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर आहे ते आकडे दिसतील असा, आणि ते फोटो वायरमनलाही पाठवून ठेवा, पुढे टीव्हीचा स्टँड बसवायला ड्रिल घेऊन येणारा बहुतेक तोच असतो.